गिऱ्हाईकाला फोटोची साइज कशी सुचवायची आणि फाइल प्रिंटला कशी तयार करायची

गिऱ्हाईक काउंटरवर आलं की "साइज कोणती?" असं विचारूच नका. त्याला साइज माहीत नसते, तो हाताने हवेत एक चौकोन काढतो आणि "एवढा मोठा" म्हणतो, आणि तो चौकोन बोलता बोलता वाढत जातो. त्यापेक्षा विचारा की फोटो लावणार कुठे, बघणार किती लांबून, आणि फाइल आली कुठून. खरी साइज शेवटी फाइल ठरवते आणि भिंत ठरवते, गिऱ्हाईकाची हौस तिसऱ्या नंबरवर.

भिंतीचं सोपं आहे. आपल्या नाशिकच्या पाथर्डी फाट्याच्या नाहीतर सिडकोच्या फ्लॅटमध्ये सोफ्याच्या मागच्या भिंतीवर ८×१२ (प्रिंटची मापं सगळी इंचात) लावला तर तो हरवतो, तिथे १२×१८ किंवा १६×२४ लागतो. टीव्हीच्या बाजूला, शोकेसमध्ये ५×७ किंवा ६×८ भरपूर झाला. ठरत नसेल तर सांगा, ताई घरी जाऊन पेपरचं पान त्या मापाचं कापा, सेलोटेपने भिंतीला चिकटवा आणि एक रात्र बघा. निम्मी लोकं दुसऱ्या दिवशी वेगळीच साइज सांगतात.

आता फाइल. हातात धरून बघायच्या प्रिंटला इंचाला ३०० पिक्सेल धरा. म्हणजे ४×६ ला १२००×१८००, ८×१२ ला २४००×३६००, १२×१८ ला ३६००×५४००. पण भिंतीवरचा १६×२४ कोणी नाक लावून बघत नाही, तिथे २०० ला काम होतं, आणि मोठा कॅनव्हास सहा-सात फुटांवरून बघायचा असेल तर १५० ला पण छान दिसतो. आणि ते फोटोशॉपमध्ये ७२ चे ३०० केले म्हणजे फोटो सुधारला असं काही लोक समजतात ना, त्याने फोटो सुधारत नाही, एकतर नुसता आकडा बदलतो, नाहीतर फोटोशॉप मधले पिक्सेल स्वतःच्या अंदाजाने भरतं.

व्हॉट्सॲप हा आपल्या धंद्याचा कायमचा ताप. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो बहुतेक वेळा १६००×१२०० च्या आसपास होऊन येतो, म्हणजे ३०० ने जेमतेम ४×५, ताणून ६×८. त्याच मोबाइलमधला ओरिजिनल बहुतेक वेळा १२ मेगापिक्सेलचा असतो, साधारण ४०००×३०००, त्यात १०×१३ आरामात निघतो! म्हणून गिऱ्हाईकाला सांगायचं, भाऊ, ज्याच्या मोबाइलमध्ये काढलाय त्याच्याकडूनच घ्या, आणि गॅलरीतून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर सरळ मोबाइल घेऊन या, केबलने काढून घेतो. व्हिडिओचा स्क्रीनशॉट आणणारे वेगळेच. गोदावरीच्या पुरात घाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती कुठपर्यंत बुडाली त्याचा व्हिडिओ असतो आणि त्यातला एक क्षण फ्रेम करायचा असतो, तर स्क्रीनशॉट घेऊ नका, मूळ व्हिडिओ घ्या आणि कॉम्प्युटरवर त्यातून फ्रेम काढा. फुल एचडी असेल तर १९२०×१०८०, म्हणजे ४×६ च्या पुढे जाऊ नका, फोर-के असेल तर ८×१२ चा विचार करता येतो.

आकाराचा घोळ यापेक्षा जास्त भांडणं लावतो. कॅमेऱ्याचा फोटो ३:२, तो ४×६, ८×१२, १२×१८ मध्ये तंतोतंत बसतो. मोबाइलचा बहुतेक ४:३, तो ६×८, ९×१२, १२×१६ ला बसतो. मोबाइलचा फोटो ४×६ ला टाकला की नववा हिस्सा कापला जातो, आणि कॅमेऱ्याचा फोटो ८×१० ला टाकला की १२ इंचातले सरळ २ इंच जातात. ग्रुप फोटोत ते २ इंच म्हणजे कडेला उभ्या असलेल्या मामी. त्यामुळे क्रॉप मशीनवर सोडायचा नाही, स्वतः करायचा, आणि कापायला जागाच नसेल तर पांढरी बॉर्डर ठेवून पूर्ण फोटो द्यायचा. कडेला थोडी मोकळी जागा पण ठेवा, कारण बिनबॉर्डरच्या प्रिंटमध्ये मशीन दोन-तीन मिलिमीटर खातं आणि वर फ्रेमची पट्टी चारी बाजूंनी साधारण पाव इंच झाकते.

नाशिकला एक काम इतर गावांपेक्षा जास्त येतं ते म्हणजे गेलेल्या माणसाचा फोटो. रामकुंडावर दहावा असतो, तेराव्याला घरी फ्रेम हवी असते, आणि घरातलं कोणीतरी एका लग्नातला ग्रुप फोटो घेऊन येतं, "यातले बाबा मोठे करून द्या." इथे घाई करू नका. आधी झूम करून फक्त चेहरा किती पिक्सेलचा आहे ते बघा. १२×१८ मध्ये चेहरा पाचेक इंचाचा येतो, १५० ने धरलं तरी साडेसातशे पिक्सेल लागतात, आणि ग्रुपमधला चेहरा असतो दोनशेचा, म्हणजे इंचाला चाळीस, नुसता चिखल. मग विचारायचं की जुना पासपोर्ट फोटो आहे का, बँकेचं पासबुक, पेन्शनची फाइल, पाकिटात कुठे आहे का. ३५×४५ मिलिमीटरचा चांगला पासपोर्ट प्रिंट स्कॅनरवर १२०० ला स्कॅन केला तर १६५०×२१२५ च्या आसपास पिक्सेल मिळतात, त्यात ८×१० नीट निघतो. मोबाइलने त्याचा फोटो काढू नका, चमक येते. आधार कार्डवरचा फोटो मात्र नको, त्यात काही नसतंच.

आणि फाइल कमी असेल तर प्रिंट छोटा ठेवा, फ्रेम मोठी करा. ८×१२ च्या प्रिंटला चारी बाजूंनी २ इंचाचा माउंट, म्हणजे जाड कार्डाची पट्टी, लावला की बाहेरून १२×१६ ची फ्रेम होते, हार घातल्यावर भारदस्त दिसते. हार येणार म्हणून खांद्यांच्या बाजूला जागा सोडा, चेहरा फार मोठा घेऊ नका. ते एआयवाले ॲप चेहरा एकदम चकचकीत करून देतात, पण डोळे आणि ओठ स्वतःच्या मनाने बनवतात, आणि घरचे बघून म्हणतात हे बाबा नाहीतच. थोडा नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, काढायला वापरा, चेहरा बनवायला नाही.

रंगाचं बोलायचं तर फाइल एसआरजीबी या नेहमीच्या कलर सेटिंगमध्येच द्या, प्रिंट काढणाऱ्या लॅबला तेच चालतं. येवल्याच्या पैठणीचा गर्द जांभळा स्क्रीनवर जसा दिसतो तसा कागदावर पूर्ण येत नाही, आणि सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, अजून वाढवलं तर काठाची नक्षी एकच डाग होते, जरीची नुसती पिवळट पट्टी दिसते. हात आखडता ठेवा. मॉनिटरचा ब्राइटनेस फुल ठेवून काम कराल तर प्रिंट काळा येणारच, तो निम्म्यावर आणा, आणि मोठ्या ऑर्डरच्या आधी एक ४×६ टेस्ट काढून दिवसाच्या उजेडात बघा. फायनल जेपेग पूर्ण क्वालिटीला सेव्ह करा, आणि ओरिजिनलवर कधीच सेव्ह करू नका.

काच लावायची असेल तर मॅट कागद घ्या, माउंट नसेल तर नक्कीच, कारण पावसाळ्यात ग्लॉसी प्रिंट काचेला चिकटतो तो मग निघत नाही. अल्बमची १२×३६ शीट ३०० ने १०८००×३६०० ची करा आणि मधल्या घडीवर कोणाचं तोंड येऊ देऊ नका. पासपोर्ट ४×६ च्या कागदावर आठ बसतात, पण कशासाठी हवाय ते आधी विचारा, अमेरिकेच्या व्हिसाला २×२ इंच लागतो.

प्रिंटला पाठवण्याआधी क्रॉप केलेला फोटो गिऱ्हाईकाला पाठवा, सोबत साइज, नग आणि कागद लिहा आणि त्याच्याकडून लेखी ओके घ्या, फोनवरचं "हो हो चालेल" धरू नका. आणि लॅबला फाइलच्या नावातच साइज, कागद, नग टाकून द्या आणि कलर करेक्शन नको असेल तर तसं आधीच सांगा, नाहीतर मशीन स्वतःच्या मनाने सगळ्यांना गोरं करून ठेवतं.