उन्हाळ्यात झाडांना पाणी द्यायला माठ जमिनीत पुरा, पण पाझरणारा पाहिजे

नागपूरचा मे म्हणजे पारा 45 च्या वर, 2013 मध्ये तर 47.9 पर्यंत गेला होता. अशात वांग्या-मिरचीला सकाळी नळीनं कितीही पाणी घाला, दुपारी पानं खाली, कारण वरच्यावर कितीतरी पाण्याची वाफ होते आणि काळ्या मातीला भेगा पडल्या असल्या की उरलेलं त्यातून सरळ खाली जातं. म्हणून माठ जमिनीत पुरायचा. चीनमधल्या दोन हजार वर्षं जुन्या शेतीच्या पुस्तकातही ही पद्धत आहे.

सगळा खेळ पाझरण्याचा. माती सुकली की ती माठाच्या अंगातून पाणी ओढते, ओली असली की ओढणं आपोआप कमी होतं, टायमर-बियमर काही नको.

माठ निवडताना ऑइल पेंटवाला, चकचकीत किंवा तोटीवाला घेऊ नका. साधा 5 ते 7 लिटरचा घ्या, घरी भरून ठेवा, काही तासांत बाहेरून घाम आला पाहिजे. पण धार किंवा टपटप नको, तो फुटका. गेल्या वर्षीचा, पाणी गार होत नाही म्हणून बाजूला ठेवलेला माठ तसाच पुरू नका बाप्पा, त्याची छिद्रं बुजलेली असतात, जो गार करत नाही तो झाडालाही पाणी देणार नाही. बोअरच्या जड पाण्यानं पांढरा थर बसला असेल तर व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून काथ्यानं घासून बघा, घाम फुटला तर वापरा.

खड्डा माठापेक्षा थोडा रुंद. नुसती काळी माती परत भरू नका, ती सुकली की आकसते, माठापासून सुटते आणि मग पाणी ओढलंच जात नाही. त्यात कुजलेलं शेणखत आणि थोडी रेती मिसळा, माठाला चिकटेल अशी हातानं दाबत भरा, फक्त तोंड 1-2 इंच वर ठेवा. वर झाकणी, झाकणीवर दगड, नाहीतर डासांची पैदास आणि डेंग्यूला आमंत्रण. आजूबाजूला तणस (भाताचा पेंढा) किंवा कुटार (भुसा) पसरा.

रोपं माठापासून वीतभर अंतरावर, चारी बाजूनं. टमाटर, वांगी, मिरची, काकडी, दोडकं मस्त येतात. सांबार (कोथिंबीर)-मेथीला मी हे सांगणार नाही, दाट पेरणीला माठ किती पुरणार, आणि वरची माती कोरडीच राहते म्हणून बी उगवत नाही. रोपांनाही मुळं धरेपर्यंत सुरुवातीला वरून पाणी द्यावंच लागतं. फेब्रुवारी-मार्चमध्येच लावून टाका म्हणजे नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) येईपर्यंत मुळं माठाला बिलगलेली असतात. आंबा-लिंबूसारख्या झाडाजवळ नको, मुळं जाड झाली की माठ फोडतात.

माठ अर्ध्याखाली गेला की भरा, पूर्ण रिकामा होऊ देऊ नका. किती दिवसांनी ते माती, ऊन आणि झाडावर, म्हणून झाकण उघडून बघायचं. जीवामृत (शेण-गोमूत्राचं आंबवलेलं खत) वगैरे त्यात ओतू नका, छिद्रं बुजतात, ते मातीतच द्या.

पावसाळ्यात काळी माती फुगते आणि रिकाम्या माठाला दाबते, म्हणून पीक संपलं असेल तर जूनच्या आधी काढून, धुवून सावलीत ठेवा. झाडं अजून उभी असतील तर काढायला जाऊ नका, मुळं तुटतील, माठ भरलेला आणि झाकलेला राहू द्या.