सातपुड्यातील फुलपाखरे: ओळख आणि छायाचित्रण

फुलपाखराचे छायाचित्र देखणे आले, पण त्यावरून जात ठरवता आली नाही, असा अनुभव सातपुड्यात फिरणाऱ्या बहुतेक हौशी छायाचित्रकारांना येतो. त्याचे कारण कॅमेऱ्यात क्वचितच असते. फुलपाखरू पंख पसरून बसले की आपण वरचे रंग टिपतो आणि समाधानाने पुढे जातो. ओळखीच्या बऱ्याचशा खुणा ज्या खालच्या बाजूवर असतात ती बाजू, ते ज्या झाडावर बसले होते ते झाड आणि तो ऋतू यांची नोंद मात्र राहून जाते. म्हणून या लेखात ओळख आधी घेतली आहे आणि छायाचित्रण तिच्या मागून.

खानदेशाच्या उत्तर सीमेवर सातपुडा पसरलेला आहे. नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ आणि अक्राणीचा डोंगराळ भाग, शिरपूर तालुक्यातील अनेर धरण अभयारण्य, तसेच जळगाव जिल्ह्यातील यावल अभयारण्य, पाल आणि मनुदेवीचा परिसर ही फुलपाखरांसाठी चांगली ठिकाणे आहेत. दक्षिणेकडे चाळीसगावजवळ पाटणादेवी आणि गौताळ्याचे डोंगर आहेत. हे सारे जंगल मुख्यतः शुष्क पानगळीचे आहे. साग, सालई, धावडा, अंजन, तेंदू आणि पळस ही इथली झाडे. सह्याद्रीतील सदाहरित जंगलाची सवय असलेल्या माणसाला फेब्रुवारीनंतर हा डोंगर रिकामा वाटतो. परंतु तेव्हा फुलपाखरे नाल्याच्या तळाशी, डोहाच्या काठी आणि उंबर-करंजाच्या सावलीत एकवटलेली असतात, आणि शोधाची जागा आपोआप लहान होते. राज्य फुलपाखरू म्हणून २०१५ साली घोषित झालेल्या नीलवंताची आस धरून इकडे येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे, की त्याला प्रिय असलेली ओलसर, दाट जंगले प्रामुख्याने सह्याद्रीत आणि कोकणात आहेत. सातपुड्याची श्रीमंती वेगळी आहे.

पहिल्यांदा जाणाऱ्याने सप्टेंबरचा उत्तरार्ध ते नोव्हेंबर हा काळ निवडावा. पाऊस ओसरलेला असतो, एकदांडी आणि घाणेरी फुललेली असते, आणि अळ्यांची खाद्यवनस्पती अजून हिरवी असते. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा गारठा चांगलाच असल्यामुळे फुलपाखरे ऊन अंगावर आल्याशिवाय उडत नाहीत. सकाळी साधारण नऊच्या सुमारास ती पंख उघडून उन्हात बसतात, आणि वरच्या बाजूचे चित्र घेण्याची सर्वांत सोपी वेळ हीच. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेव्हा सकाळी लवकर निघून अकराच्या आत परतावे, आणि नाल्यातील ओल्या वाळूखेरीज दुसरीकडे वेळ घालवू नये.

ओळखीची सुरुवात रंगापासून न करता कुळापासून करावी. खानदेशात नेहमी दिसणारी फुलपाखरे पाच कुळांत बसतात. मोठी, बहुधा मागच्या पंखाला शेपटी असलेली आणि फुलावर बसूनही पंख फडफडवत राहणारी ती पुच्छ कुळातील. पांढरी-पिवळी, मध्यम आकाराची आणि उघड्यावर सरळ उडणारी ती पितश्वेत कुळातील. कुंचलपाद कुळ सर्वांत मोठे असून त्यातील फुलपाखरे चारच पायांवर उभी दिसतात, कारण पुढची जोडी आखूड होऊन छातीशी दुमडलेली असते. बोटाच्या पेराएवढी, जमिनीलगत उडणारी आणि बसल्यावर मागचे पंख एकमेकांवर घासणारी ती नील कुळातील. जाड शरीराची, आकड्यासारख्या टोकाच्या मिशांची आणि बाणासारखी झेपावणारी ती चपळ कुळातील. एवढे जमले की पुस्तकाची कितीतरी पाने आपोआप बाजूला पडतात.

खरा गोंधळ नकला करणाऱ्या जातींमुळे होतो, आणि त्यासाठी एक जोडी नीट शिकून घेणे फायद्याचे ठरते. बिबळ्या कडवा म्हणजे प्लेन टायगर हे केशरी रंगाचे, काळ्या किनारीचे फुलपाखरू खानदेशात जवळजवळ वर्षभर दिसते. त्याची अळी रुईची पाने खाते. रुईतील विषारी द्रव्ये तिच्या शरीरात साठतात आणि पुढे फुलपाखरातही राहतात, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. डॅनेड एगफ्लाय म्हणजे छोटा चांदवा, याच्या मादीने हेच रूप घेतलेले आहे. तिची अळी शेतातील घोळीवर वाढते आणि ती स्वतः विषारी नसते. दोघी दूरून अगदी सारख्या दिसतात. मागच्या पंखाकडे पाहावे. बिबळ्या कडव्याच्या मागच्या पंखाच्या मध्यभागी मादीला तीन आणि नराला चार काळे ठिपके असतात; नराचा चौथा ठिपका ही प्रत्यक्षात गंधाची पिशवी असते. चांदव्याच्या मादीला तिथे एकच ठिपका असतो, आणि तोही पंखाच्या वरच्या कडेजवळ. कडव्याची काळी छाती आणि डोके पांढऱ्या बुंदक्यांनी भरलेले असते, आणि त्याचे उडणे संथ, बेफिकीर असते. चांदवा दचकला की झटक्यात निघून जातो. चांदव्याचा नर तर मादीसारखा मुळीच दिसत नाही. तो काळा असून त्याच्या पंखांवर जांभळी झाक असलेले ठळक पांढरे ठिपके असतात.

तीच गत बहुरूपी म्हणजे कॉमन मॉरमॉनची. त्याची मादी तीन रूपांत दिसते: एक नरासारखी, दुसरी कॉमन रोझसारखी आणि तिसरी क्रिमझन रोझसारखी. रोझ जातींची अळी ईश्वरी किंवा कीडामारी या वनस्पतींवर वाढते आणि फुलपाखरू विषारी असते; बहुरूपी मात्र लिंबू, कढीपत्ता यांवर वाढलेला आणि निरुपद्रवी असतो. येथे पंखांकडे पाहण्याच्या भानगडीत न पडता शरीराकडे पाहावे. रोझच्या शरीरावर ठळक लाल रंग असतो, बहुरूपीच्या मादीचे शरीर काळे असते. म्हणून चित्रात शरीर स्पष्ट यावे, याची काळजी घ्यावी.

खानदेशासारख्या प्रदेशात ऋतू विसरला तर ओळख हमखास फसते, कारण इथे ओला आणि कोरडा काळ यांत टोकाचा फरक आहे आणि कित्येक फुलपाखरे त्याप्रमाणे रूप बदलतात. पीकॉक पॅन्झीच्या पावसाळी पिढीच्या खालच्या बाजूला डोळ्यांसारखे ठिपके असतात. कोरड्या ऋतूतील पिढीत ते जवळजवळ नाहीसे होतात, पुढच्या पंखाचे टोक कोनदार होते, मागच्या पंखाला छोटीशी शेपटी फुटते, आणि पंख मिटून बसलेले फुलपाखरू वाळलेल्या पानात मिसळून जाते. लिनियसने १७५८ साली या एकाच जातीच्या दोन रूपांना दोन वेगळ्या जाती समजून नावे दिली होती. संध्याकाळी सागाच्या पाचोळ्यातून पायाशी उठणारे कॉमन इव्हनिंग ब्राउनही असेच रूप बदलते. त्यामुळे मार्चमधील चित्र पावसाळी नमुन्याशी ताडून पाहू नये.

काही जातींच्या बाबतीत वरच्या बाजूचे चित्र पूर्णपणे निरुपयोगी असते. ग्रास यलो गटातील पिवळी फुलपाखरे बसल्यावर पंख उघडतच नाहीत, म्हणून खालची बाजूच घ्यावी लागते. पुढच्या पंखाच्या मुळाकडे शिरांनी वेढलेला जो लांबट भाग असतो, त्यात कॉमन ग्रास यलोला सहसा दोन खुणा असतात आणि थ्री-स्पॉट ग्रास यलोला तीन. त्याच भागात पेल ग्रास ब्ल्यूला एक ठिपका असतो, तर लेसर ग्रास ब्ल्यूला तो नसतो. नखाएवढ्या फुलपाखरावरील हा ठिपका पाहायचा तर पुढचा पंख मागच्या पंखाखाली दडलेला नसावा. तसे असेल तर केवळ गटाचे नाव लिहून थांबावे. चुकीच्या जातीपेक्षा बरोबर गट कधीही मोलाचा असतो.

फुलपाखरू शोधण्याची माझ्या मते सर्वांत खात्रीची रीत म्हणजे झाडे ओळखायला शिकणे. रुईवर बिबळ्या कडवा, बहाव्यावर कॉमन एमिग्रंट, एरंडावर कॉमन कॅस्टर, पानफुटीवर रेड पिएरो, तेंदूच्या कोवळ्या पानांभोवती बॅरोनेट, चिंचेजवळ ब्लॅक राजा, आणि झाडांवर वाढलेल्या बांडगुळाभोवती हळदीकुंकू म्हणजे कॉमन जेझबेल. आषाढी एकादशीच्या उपवासानंतर द्वादशीला जिच्या फळांची भाजी होते, त्या वाघाटीच्या वेलाभोवती पांढरी कॉमन गल आणि पायोनियर घिरट्या घालताना दिसतात. डोंगरातील पावरा आणि भिल्ल बांधवांना ही झाडे पानावरून, सालीवरून ओळखता येतात. गावातील जाणत्या माणसाला वाट दाखवण्यासाठी सोबत घ्यावे, त्याचा योग्य मोबदला द्यावा आणि झाडाचे स्थानिक नाव त्याच्याकडून विचारून लिहून ठेवावे.

आता छायाचित्राकडे वळू. जवळ जाण्याची संधी दोन ठिकाणी सर्वाधिक मिळते. एक म्हणजे चिखलपान. ओल्या वाळूत किंवा गुरांच्या मुताने भिजलेल्या मातीत नर फुलपाखरे सोंड खुपसून क्षार शोषत असतात आणि त्यात ती गुंग असतात. दुसरी जागा म्हणजे वाळलेली भुरुंडी आणि खुळखुळ्याची झुडपे. कडवा, ब्ल्यू टायगर आणि हबशी म्हणजे कॉमन क्रो यांचे नर तिथून विशिष्ट द्रव्ये गोळा करतात, कारण मादीला आकर्षित करणारा गंध त्यांपासून तयार होतो. अशा ठिकाणी दहा पावलांवरच थांबावे, खाली बसावे आणि गुडघ्यांवर हळूहळू सरकावे. आपली सावली फुलपाखरावर पडू देऊ नये. ते उडाले तर मागे धावू नये. चिखलपानाच्या जागी ते थोड्या वेळाने बहुधा परत येते.

कॅमेऱ्याला ९० ते १०५ मिमीची मॅक्रो लेन्स पुरेशी होते. शटर १/५०० किंवा त्याहून वेगवान ठेवावे आणि अॅपर्चर एफ/८ च्या आसपास. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे मिटलेले पंख आणि कॅमेऱ्याचा सेन्सर एकमेकांना समांतर असावेत. कोन जरासा बिघडला तरी पंखाची एक कड धूसर होते आणि नेमका हवा असलेला ठिपका तिथेच हरवतो. फोकस डोळ्यावर धरावा. पांढऱ्या फुलपाखरांवर खानदेशी ऊन फार तीव्र पडते, म्हणून एक्स्पोजर थोडे कमी करावे, नाहीतर पंखावरील शिरा दिसत नाहीत. मोबाइल असल्यास दुप्पट झूम वापरावा, पडद्यावर बोट दाबून फोकस बांधून घ्यावा आणि एकामागून एक बरीच चित्रे काढावीत. पहिले चित्र लांबूनच, मिळेल तसे घ्यावे. फुलपाखरू उडून गेले तरी नोंदीपुरता पुरावा हाती राहतो. त्यानंतर खालची बाजू, मग वरची, आणि शेवटी बसलेल्या झाडाचे पान.

जाळ्याने धरणे, फ्रीजमध्ये गार करून नंतर फुलावर ठेवणे, पंखांना हात लावणे यांतील काहीही करू नये. अनेक जाती वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत आणि अभयारण्यात वन विभागाच्या परवानगीशिवाय जाता येत नाही. केळी सडवून आमिष म्हणून पसरण्याचा मोह रावेर-यावलकडे सहज होतो; अभयारण्यात तो कटाक्षाने टाळावा, कारण त्याने माकडे आणि अस्वलेही वाटेवर येतात.

घरी आल्यावर त्याच दिवशी चित्रांसोबत तारीख, वेळ, गाव किंवा नाल्याचे नाव, झाड आणि फुलपाखरू काय करत होते एवढे लिहावे. आयनॅचरलिस्ट किंवा बटरफ्लाइज ऑफ इंडिया या संकेतस्थळांवर नोंद टाकताना एकाच फुलपाखराची सर्व चित्रे एकत्र जोडावीत आणि खात्री नसेल तर कुळ किंवा गट लिहून मोकळे व्हावे. जाणकार पुढचे काम करतात. चित्र कापून, रंग वाढवून मग पाठवणे टाळावे, कारण रंगछटेवर अवलंबून असलेल्या जातींत त्याने दिशाभूल होते. मूळ फाइल तशीच जपावी, आणि एखाद्या तज्ज्ञाने तुमची ओळख बदलली तर त्याने कोणत्या खुणेवरून बदलली ते विचारून त्या नोंदीखाली लिहून ठेवावे.