हरणांची वाट मोकळी ठेवताना

आमचं शेत येवल्याच्या राजापूर शिवारात, ममदापूरच्या वनहद्दीला लागून. साडेचार एकर, त्यातला एकरभर नुसता मुरमाड माळ. ममदापूरचं सुमारे 54 चौरस किलोमीटरचं वन काळविटांसाठी राखीव आहे. पण हरणं हद्दीचे दगड बघून चरत नाहीत. पावसाळ्यात मुगात उतरतात, थंडीत हरभऱ्यात, आणि चैत्रात पाणी शोधत विहिरींपर्यंत येतात. मामंजी बांधाच्या कडेने त्यांच्यासाठी एक पट्टा सोडायचे. ते गेल्यापासून गेली अकरा वर्षं तो मी सांभाळते आहे.

तुम्हालाही अशी वाट मोकळी करायची असेल, तर सुरुवात कोयत्याने करू नका. आधी पंधरा दिवस नुसतं बघा. नवी वाट आपण आखून हरणं तिच्यावरून चालत नाहीत. त्यांची वाट असतेच, आपण फक्त तिच्यातली अडचण काढायची. पहिल्या पावसानंतर सकाळी माग स्पष्ट दिसतो: शेळीसारखाच दुभंगलेला खूर, पण निमुळता आणि पुढे टोकदार. ऊन असेल तर चार-पाच ठिकाणी चाळलेली माती पसरून ठेवा, सकाळी ती सगळं सांगते. एकाच जागी लेंड्यांचा ढीग दिसला तर ती एखाद्या नराची राखलेली जागा असते. तिथे झाडझूड अजिबात करायची नाही.

काळवीट उघड्या माळाचं जनावर आहे. धोका लांबून दिसावा आणि पळायला जागा असावी, एवढ्यावर त्याचा जीव अवलंबून. म्हणून माणसाच्या पायवाटेएवढी चिंचोळी पट्टी काढलीत, तर दोन्ही बाजूंच्या झुडपात लांडगा किंवा कुत्रं दबा धरून बसेल या भीतीने कळप आत शिरत नाही. मी आठ-दहा पावलांची रुंदी ठेवते. उतारावर वाट सरळ खाली नेऊ नका, आडवी वळवा, नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात तिची घळ होते.

खरी मेहनत वेड्या बाभळीची. वरून तोडली तर एकाच्या जागी दहा फुटवे येतात, कारण तिचे डोळे जमिनीखालच्या खोडावर असतात. पावसाने माती मऊ झाली की कुदळीने भोवती उकरा आणि वीतभर खालून तोडा. शेंगा पिकण्याआधीच हे उरका. हरणं त्या शेंगा आवडीने खातात आणि लेंड्यांतून बी माळभर पसरतं. काटेरी फांद्या वाटेवर सोडू नका. गाजरगवत फुलण्याआधी मुळासकट उपटा. हातमोजे घाला, तोंडाला रुमाल बांधा. मला त्याने एक अख्खा श्रावण खाज सुटली होती. बोर, हिवर, तरवड आणि मारवेल, पवन्या ही गवतं मात्र राहू द्या. पेटवून साफ करणं सोपं वाटतं, पण पाडस आईने गवतात लपवून ठेवलेलं असतं आणि ते जागचं हलत नाही. असं एकटं पाडस दिसलं तर उचलू नका, आई आसपासच असते.

आता विहिरीचं. तीन वर्षांपूर्वी मी वाट विहिरीच्या कडेने साफ केली, कारण तिथून ती जवळची पडत होती. कठडा एका बाजूने ढासळलेला होता, उन्हाळ्यानंतर बांधू म्हटलं. रात्री कुत्री मागे लागली आणि एक मादी आत पडली. वनखात्याची माणसं दोर आणि जाळी घेऊन आली, पण तोवर ती गेली होती. पोटात पाडस होतं. ती चूक माझीच. तेव्हापासून आधी कठडा, मग वाट, हा माझा क्रम. छातीइतका उंच कठडा बांधा. तेवढा पैसा नसेल तर लोखंडी जाळी टाका आणि वाट विहिरीपासून निदान पन्नास पावलं लांबून न्या. जनावर पडलेलं दिसलं तर स्वतः उतरू नका, वनखात्याच्या 1926 या मदत क्रमांकावर फोन करा.

कुंपण असेल तर वाट जिथे ओलांडते तिथे खालची तार काढून टाका. हरणं उडी मारू शकतात, तरी आमच्याकडची बहुतेक वेळा तारेखालूनच सरपटून जातात आणि काट्यांनी पाठ फाडून घेतात. नायलॉनची जाळी तर मुळीच नको, तिच्यात शिंगं अडकतात. तारेत थेट लाईनची वीज सोडणं हा गुन्हा आहे, आणि त्याने माणसंही मेली आहेत.

हे सगळं स्वतःच्या मालकीच्या जमिनीवर. हद्दीपलीकडे वनरक्षकाला विचारल्याशिवाय फांदीही तोडायची नाही. काळवीट 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहे. वाट मोकळी झाली की कुणी रात्री फासे लावायला येऊ शकतं, म्हणून मी दर दोन-तीन दिवसांनी पूर्ण वाट चालून बघते. फास दिसला तर हात न लावता फोटो काढून वनरक्षकाला कळवते.

कामाची वेळ दुपारची ठेवा, सकाळ-संध्याकाळ त्यांची. वर्षातून दोन फेऱ्या पुरतात: एक दिवाळीनंतर गवत वाळायच्या आत, दुसरी होळीच्या आधी. दुसऱ्या फेरीत आम्ही वाटेच्या टोकाला, विहिरीच्या उलट दिशेला, सिमेंटचं उथळ टाकं भरतो. एका बाजूला उतार ठेवलेला आहे, म्हणजे पाडसाला चढून बाहेर येता येतं. त्या दिवसापासून पाऊस पडेपर्यंत आमचा मोती रात्री साखळीला असतो.