मुदतपूर्व बाळाच्या विकासाचा पाठपुरावा कसा करावा

३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेल्या बाळाची प्रगती साधारण दोन वर्षांपर्यंत सुधारित वयानुसार पाहावी. ३२व्या आठवड्यात जन्मलेले बाळ सहा महिन्यांचे झाले की ४० आठवड्यांना कमी पडलेले ८ आठवडे वजा करून ते सुमारे चार महिन्यांचे मानावे. लसीकरण मात्र सामान्यतः जन्मतारखेनुसारच होते. (तुलना करणाऱ्या नातेवाइकांना हे गणित वारंवार सांगावे लागते.)

गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत मेंदूच्या पृष्ठभागावर वळ्या पडतात आणि त्याचे वजन झपाट्याने वाढते. ३४व्या आठवड्यात ते पूर्ण मुदतीच्या बाळाच्या मेंदूच्या वजनाच्या सुमारे दोन तृतीयांशच असते. उरलेली वाढ गर्भाबाहेर होत असल्याने, डॉक्टरांच्या संमतीने बाळाला उघड्या छातीशी धरण्याची कांगारू पद्धत आणि आईचे दूध यांना माझ्या मते महागड्या खेळण्यांपेक्षा कितीतरी अधिक महत्त्व द्यावे.

३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या दृष्टिपटलाची (डोळ्याच्या आतील पडद्याची) तपासणी जन्मानंतर ३० दिवसांच्या आत करावी. फार लवकर जन्मलेल्यांची त्याहूनही आधी. श्रवणचाचणीही टाळू नये.

पेडणे किंवा सत्तरीहून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात येणाऱ्या पालकांनी रुग्णालयातून सुटतानाची कागदपत्रे दर खेपेस सोबत आणावीत. बहुतेक मुलांना गंभीर अपंगत्व येत नाही, तथापि एकाग्रता, गणित किंवा हालचालींतील समन्वय यांतील अडचणी कधीकधी शाळेतच उघड होतात. म्हणून पहिलीत प्रवेश घेताना बाईंना मुदतपूर्व जन्माची कल्पना द्यावी.