विनाचालक ट्रॉली कंपनीसोबत बनवायची असेल तर

मी छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमधल्या एका छोट्या युनिटात मेंटेनन्स सांभाळते. नांदेड, लातूर, बीडकडची फायनल इयरची पोरं आमच्याकडे विनाचालक गाडीचा प्रोजेक्ट घेऊन येतात. बहुतेकांच्या फाईलमध्ये पहिल्याच पानावर स्पॉन्सरशिपची रक्कम असते. ती फाईल पुढं सरकत नाही.

पैसे मागू नका, काम मागा. कोणता माल रोज कुठून कुठं ओढत न्यावा लागतो, ते विचारा. आमच्याकडे प्रेस शॉपपासून तपासणीच्या टेबलापर्यंत दोन माणसं दिवसभर ट्रॉली ओढायची. एका गटानं तेवढाच मार्ग घेतला. बंद शेड, ठरलेली वाट, माणसाच्या चालीइतका वेग. जालना रोडवर गाडी पळवायचं स्वप्न जरूर बघा, पण सुरुवात इथून करा. आणि भेटायला महिनाअखेरीस जाऊ नका, डिस्पॅचच्या घाईत तुमच्याशी बोलायला कुणालाच वेळ नसतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आमचे जुने फोर्कलिफ्टवाले काका प्रत्येक बॅचला एकच सांगतात, "लेकरांनो, आधी थांबवून दाखवा, मग पळवा." ताशी १० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास २.८ मीटर. कॅमेऱ्यानं माणूस ओळखून ब्रेकला हुकूम जाईपर्यंत अर्धा सेकंद गेला, तर ब्रेक लागायच्या आधीच गाडी १.४ मीटर पुढं गेलेली असते. म्हणून गाडी तातडीनं थांबवायचं लाल बटण लॅपटॉपमधून फिरवून आणू नका; त्यानं मोटरची वीज थेट रिलेतून, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचमधून, तुटली पाहिजे. ब्रेक स्प्रिंगचा घ्या, वीज गेली की आपोआप लागणारा. रिमोटचा सिग्नल तुटला तरी गाडी जागच्या जागी उभी राहिली पाहिजे. हे दाखवल्याशिवाय मी कुणालाच माल भरू देत नाही.

त्या गटाची ट्रॉली रोज साडेअकराच्या सुमारास एकाच वळणावर अडायची. दोन आठवडे पोरं कोड बदलत राहिली. शेवटी काकांनीच वर बोट दाखवलं, "ताई, ऊन बघा की." छताच्या पारदर्शक पत्र्यातून उन्हाचा चौकोन नेमका ट्रॉलीला वाट दाखवणाऱ्या जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्यावर पडत होता, आणि कॅमेऱ्याला पट्टा पांढराफटक दिसत होता. मग पट्टा कसाही दिसला तरी ओळखायला प्रोग्रामला शिकवावं म्हणून पोरांनी सकाळ, दुपार, रात्रपाळी असे फोटो काढले. घासलेला पट्टा, तेलाचे डाग, सगळं त्यात घेतलं. तेवढ्या वळणापुरती वाट दाखवायला जमिनीवर चुंबकीय टेप लावली, तिला उन्हानं फरक पडत नाही. ट्रॉली अडायची थांबली.

रस्त्याच्या दृश्यांसाठी हैदराबादच्या ट्रिपल आयटीचा इंडिया ड्रायव्हिंग डेटासेट आहे, १०,००० चित्रांचा. तो अभ्यासाला घ्याच. पण तुमच्या शेडमधले फोटो तुम्हालाच काढावे लागतील, आणि त्याची परवानगी आधी लेखी घ्या. कोड कुणाचा, फोटो कुठं वापरायचे, ट्रॉली कुणाला धडकली तर जबाबदारी कुणाची, हेही त्याच कागदावर येऊ द्या. तीन पानं पुरतात.

माझ्यासारख्या कंपनीवाल्यांनाही सांगणं आहे. अमेरिकेत २००४ साली तिथल्या संरक्षण खात्याच्या डार्पा या संशोधन संस्थेनं वाळवंटात विनाचालक गाड्यांची शर्यत लावली, तेव्हा सर्वांत पुढं गेलेली गाडी १२ किलोमीटरही गेली नाही. पुढच्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ‘स्टॅन्ली’नं सुमारे २१२ किलोमीटर पार करून शर्यत जिंकली. ती गाडी फोक्सवॅगनची होती, आणि स्टिअरिंग-ब्रेक संगणकाच्या हुकमावर चालवायच्या कामात कंपनीचे इंजिनिअर सोबत होते. चेकवर सही करून मोकळं होऊ नका. आठवड्यातून दोन तास तुमचा एक अनुभवी माणूस पोरांसोबत बसवा; पोरांना ट्रॉलीच्या लोखंडी सांगाड्याचं वजन आणि ब्रेकची झीज त्याच्याकडूनच कळते.

आणि पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा. ट्रॉली कुठं थांबली, किती वाजता, ऊन कसं होतं, बटण कुणी दाबलं. जूनमध्ये कॉलेज सोडताना ती पुढच्या बॅचच्या हातात द्या.