शिडाच्या नौकेचा शाफ्ट आणि कपलिंग : या चुका टाळा

पावसाळ्यापूर्वी मुंबई बंदरातल्या शिडाच्या नौका किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात आणि पाऊस सरला की पुन्हा पाण्यात उतरतात. त्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत शाफ्टच्या, म्हणजे इंजिनाची गती पंख्याला पोचवणाऱ्या दांड्याच्या, ज्या तक्रारी माझ्याकडे येतात, त्या वर्षानुवर्षे त्याच आहेत, आणि त्यांपैकी बहुतेकांचे मूळ घाईत असते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे नौका जमिनीवर असतानाच इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आणून काम संपले असे मानणे. जमिनीवर नौकेचा भार कील (तळाचा कणा) आणि मोजक्या टेकूंवर असतो. पाण्यात तोच भार सगळ्या तळावर वाटला जातो, आणि डोलकाठीच्या तारा ताणल्या की सांगाडा आणखी थोडा बदलतो. हा बदल डोळ्यांना दिसत नाही, पण कपलिंगच्या, म्हणजे गिअरबॉक्स आणि शाफ्ट यांच्यातल्या जोडाच्या, फ्लँजमध्ये (समोरासमोर बोल्टने आवळलेल्या दोन चकत्यांमध्ये) तो नेमका उतरतो. म्हणून जमिनीवरची जुळणी मी कच्ची समजतो आणि पक्की जुळणी नौका दोन दिवस पाण्यात राहिल्यावर, तारा ताणलेल्या असताना आणि टाक्या नेहमीइतक्या भरलेल्या असताना करतो.

कपलिंगचे बोल्ट काढले की शाफ्टचे मोकळे टोक स्वतःच्या आणि फ्लँजच्या वजनाने खाली झुकते. ते योग्य उंचीला उचलून धरल्याशिवाय घेतलेले माप निरर्थक असते. एका फ्लँजचा उंचवटा दुसरीच्या खाचेत जोर न लावता बसला पाहिजे. मग वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या) घालून फट मोजावी. ४ इंची फ्लँजला या मापांतला फरक ४ थाऊपेक्षा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे सुमारे ०.१ मिलिमीटरपेक्षा, जास्त नसावा. यानंतरची पायरी नवशिके हमखास गाळतात: गिअरबॉक्सची फ्लँज स्थिर ठेवून शाफ्ट पाव फेरा फिरवावा आणि पुन्हा मोजावे. मोठी फट होती तिथेच राहिली तर इंजिन हलवायचे. ती शाफ्टबरोबर फिरली तर शाफ्ट वाकलेला आहे किंवा त्याची फ्लँज वाकडी आहे, आणि अशा वेळी इंजिनाचे माउंट (ज्यांवर ते टेकते ते रबरी पाय) वरखाली करण्यात दिवस घालवण्यापेक्षा शाफ्ट आणि फ्लँज लेथवर तपासून घ्यावे. ‘रबरी कपलिंग आहे, ते सांभाळून घेईल,’ हे उत्तर मी मान्य करत नाही. रबर धक्के शोषते. वाकडी जुळणी ते काही महिने लपवते, एवढेच. मोजताना ते रबर काढून ठेवावे.

दुसरी चूक कपलिंगच्या सेट स्क्रूंची, म्हणजे कपलिंग शाफ्टवर घट्ट धरणाऱ्या स्क्रूंची, आहे, आणि तिच्याविषयी मी कठोर आहे. काही वर्षांपूर्वी एका परिचिताच्या नौकेवरून आम्ही मांडव्याच्या जेट्टीकडे येत होतो. वेग मोडण्यासाठी त्याने इंजिन रिव्हर्सला टाकले. इंजिनाचा आवाज चढला, पण नौका पुढेच जात राहिली आणि सुकाणूही घट्ट अडकले. उलट फिरणाऱ्या पंख्याने शाफ्ट कपलिंगमधून ओढून काढला होता आणि पंखा सुकाणूवर जाऊन टेकला होता. नांगर टाकून आम्ही थांबलो, ते जेट्टीपासून जेमतेम दोन नौकांच्या अंतरावर. इंजिन बंद करून झाकण उघडले तेव्हा कपलिंगच्या कडेला तांबूस भुकटी साचलेली होती आणि शाफ्ट आणि कपलिंग यांच्या खाचेत बसणारी धातूची चावी तळात पडली होती. शाफ्टवर स्क्रू रुतल्याची खूण नव्हती, नुसते घासल्याचे ओरखडे होते. ती भुकटी जोड सैल असल्याचे लक्षण असते, आणि ती बरेच दिवस जमत असणार. सुकाणू आडवे आले नसते, तर शाफ्ट ग्लँडमधून (शाफ्ट नौकेबाहेर जातो तिथे पाणी अडवणाऱ्या भागातून) पूर्ण निसटून समुद्र आत शिरला असता.

तेव्हापासून स्क्रू बसतात तिथे शाफ्टला उथळ खळगा पाडल्याशिवाय आणि स्क्रूंची डोकी, ओढ घट्ट होण्याच्या दिशेला राहील अशी, तारेने बांधल्याशिवाय मी नौका पाण्यात सोडत नाही. शिवाय ग्लँड आणि कपलिंग यांच्यामध्ये शाफ्टवर एक घट्ट कॉलर बसवतो, म्हणजे जोड सुटला तरी शाफ्ट बाहेर जाऊ शकत नाही.

पॅकिंगची, म्हणजे शाफ्टभोवती दोरी दाबून बसवलेली, ग्लँड ठणठणीत कोरडी करण्याचा हट्ट धरू नये. शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-तीन थेंब पडले पाहिजेत, नाही तर पॅकिंग जळते आणि शाफ्टला चर पडतात. शाफ्टऐवजी स्वतः झिजणाऱ्या जस्ताच्या ॲनोडला रंग लावू नये, तो ग्रीसवर बसवू नये आणि अर्धा झिजला की बदलावा. माउंटच्या रबरावर डिझेल गळू देऊ नये, कारण फुगलेले रबर कोणतीही जुळणी टिकवत नाही.

आणि आपल्या किनाऱ्यावर जाळ्यांचे दोर पंख्यात अडकणारच. दोर कापून लगेच निघण्याची सवय मला खटकते, कारण तशा झटक्याने माउंट सरकतात आणि शाफ्ट वाकू शकतो. बंदरात परतल्यावर, इंजिनाची किल्ली खिशात ठेवून, कपलिंगचे बोल्ट काढावेत आणि फीलर गेज पुन्हा घालावे.