मांगचं पाय

अमरावतीला एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी लघुप्रबंधाचा विषय द्यायचा होता. वर्गातल्या बहुतेकांनी कापूस, सोयाबीन, शेतकरी आत्महत्यांचं वार्तांकन असे विषय दिले. मी लिहून दिलं, ‘अमेरिकी संगीत-व्हिडिओंमधली वर्णभेदविरोधी दृश्यप्रतीकं’. एका सरांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, “दारव्ह्याच्या पोरीले अमेरिकेचं काय पडलं वो?” सगळे हसले, मीही हसले, कारण उत्तर माझ्याकडे नव्हतं.

आता आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद, दिग्रस, वणीकडची पोरं-पोरी अधूनमधून फोन करून विचारतात की ताई, असा विषय घ्यावा का, सुरुवात कुठून करावी. प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

माझी सुरुवात विद्यापीठात झाली नाही. ती झाली मावसभावाच्या फोटो स्टुडिओत. बी.ए.ला असताना सुट्ट्यांमध्ये मी त्याच्याकडे लग्नाचे व्हिडिओ एडिट करायची. मार्च लागला की लग्नांच्या जोडीला भीमगीतांचे अल्बम यायचे, 14 एप्रिलच्या आधी सगळ्यांना घाई. गायक हिरव्या पडद्यासमोर उभा करायचा आणि मागे दीक्षाभूमीचा स्तूप लावायचा. पडदा निळा का नाही, तर आमच्या गाण्यांत फेटा निळा, साडी निळी, झेंडा निळा. पडद्याच्या रंगाचं जे काही अंगावर असेल ते कॉम्प्युटर पुसून टाकतो. एकदा एक बाई हिरवी साडी नेसून आल्या आणि त्यांच्या पोटातून स्तूप दिसायला लागला. ते निस्तरायला दोन रात्री गेल्या. त्या दोन रात्रींत दादा एकच वाक्य म्हणत होता, “पुढचं तं सारेच पायतेत वो बाई, तू मांगचं पाय.” म्हणजे तू मागचं पाहा. तो पडद्याबद्दल बोलत होता. पण मला पुढे जे काही सुचलं, ते सगळं त्या वाक्यातून.

कारण मी ज्या व्हिडिओवर अर्धा प्रबंध लिहिला, तो पूर्ण मागच्या बाजूनेच बोलतो. चाइल्डिश गॅम्बिनो, म्हणजे अमेरिकी नट-गायक डोनाल्ड ग्लोव्हरचा ‘धिस इज अमेरिका’. मे 2018 मध्ये आला, दिग्दर्शक हिरो मुराई, नृत्यदिग्दर्शन शेरी सिल्व्हरचं. चार मिनिटांचा मामला. एका रिकाम्या गोदामात उघड्या अंगाचा माणूस नाचतो, शाळेच्या गणवेशातली पोरं त्याच्यासोबत नाचतात, आणि पहिल्यांदा पाहताना तुमची नजर त्या नाचावरून हलत नाही. मागे माणसं पळताहेत, गाड्या उभ्या आहेत, दंगल चालू आहे, एक पांढरा घोडा निघून जातो. मला तो घोडा दिसायला चौथी वेळ लागली. नाच पाहण्यात आपण मागची दंगल विसरलो, हे लक्षात येतं तेव्हा थोडं ओशाळायला होतं. माझ्या मते व्हिडिओचा सगळा डाव त्या ओशाळण्यावरच आहे.

म्हणून नव्या माणसाला माझा पहिला सल्ला असा की आवाज बंद करून पाहा. मग यूट्यूबचा वेग पावपटीवर आणा. व्हिडिओ थांबवून कीबोर्डवरचं स्वल्पविरामाचं बटण दाबलं की एक फ्रेम मागे जाते, पूर्णविरामाचं दाबलं की एक फ्रेम पुढे. आमच्या गावात नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीजवळ मिळायचं, तिथे बसून पावपटीत व्हिडिओ पाहणाऱ्या पोरीला लोक काय म्हणाले ते राहू द्या.

दुसरा सल्ला वहीचा. पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात फक्त काय दिसतं ते, वेळेसकट. दुसऱ्यात ते इतिहासात कुठून आलं. तिसऱ्यात तुम्हाला काय वाटलं. नवीन पोरं पहिला रकाना दोन ओळींत उरकतात आणि तिसऱ्यावर तुटून पडतात. मीही तेच केलं होतं.

आता लाल फडक्याचं सांगते, कारण ते मला पुस्तकांनी नाही, आजीने दाखवलं.

व्हिडिओ सुरू होऊन मिनिट भरायच्या आत तो नाचणारा माणूस कमरेमागून पिस्तूल काढतो आणि डोकं झाकलेल्या एका माणसाला मागून गोळी घालतो. लगेच एक पोरगा लाल कापड घेऊन पुढे येतो, पिस्तूल त्या कापडात अलगद घेतो आणि निघून जातो. मेलेल्या माणसाला मात्र फरफटत बाजूला ओढतात. मी पहिल्या रकान्यात ‘पिस्तूल नेतात, प्रेत हलवतात’ इतकंच लिहिलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत आजी शेजारी शेंगा सोलत बसली होती. तिला अक्षरओळख नाही, इंग्रजीचा तर प्रश्नच नाही. तिने मोबाइलमध्ये डोकावून पाहिलं आणि म्हणाली, “पायलं का तुनं? बंदूक कशी नेली, विहारातला ग्रंथ उचलते तशी. अन् मानसाले वढत नेलं, मेल्या ढोरावानी.”

आमच्या विहारात वर्षावासात ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’चं वाचन होतं. त्या दिवसाचं वाचन संपलं की ग्रंथ स्वच्छ कापडात गुंडाळतात, दोन हातांवर घेतात. आणि मेलेलं ढोर ओढणं काय असतं, हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिच्या सासऱ्यांच्या पिढीपर्यंत गावाने ते काम आमच्याच वस्तीवर लादलेलं होतं. अमेरिकेत बंदुकीची किंमत माणसापेक्षा जास्त आहे, असं अनेक समीक्षकांनी त्या दृश्याबद्दल लिहिलंय. आजीने तेच दोन क्रियापदांत सांगितलं. उचलणं आणि ओढणं. मी पहिला रकाना खोडून परत लिहिला. तेव्हापासून कोणालाही सांगते, आधी क्रियापदं नीट लिहा.

दुसऱ्या रकान्यासाठी मात्र आजी पुरत नाही, तिथे वाचावंच लागतं. गोळी घालताना त्या माणसाची उभं राहायची पद्धत विचित्र आहे, कंबर एकीकडे, गुडघा वाकलेला. हे ‘जिम क्रो’चं जुनं चित्र. 1830 च्या दशकात थॉमस राइस नावाचा गोरा नट तोंडाला काळं फासून काळ्या माणसाची टर उडवणारा नाच करायचा, त्या पात्राचं हे नाव. पुढे दक्षिणेतल्या राज्यांनी काळ्यांना शाळा, गाड्या, पाणवठे वेगळे करणारे कायदे केले, त्यांनाही लोक त्याच नावाने ओळखू लागले. एका नकलेचं नाव कायद्यांना मिळालं. पुढे चर्चमध्ये गातात तशा गाणाऱ्यांचा अख्खा ताफा गोळ्यांनी पाडला जातो, तिथे 17 जून 2015 ची चार्ल्स्टनची घटना आठवल्याशिवाय राहत नाही. तिथल्या चर्चमध्ये बायबल वाचायला बसलेल्या नऊ काळ्या माणसांना एका गोऱ्या तरुणाने मारलं होतं. हा इतिहास माहीत नसेल तर ते दृश्य नुसता धक्का देऊन जातं.

त्या माणसाची पँट गुलामीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणेच्या फौजेच्या गणवेशासारखी आहे, असंही बरेच जण म्हणतात. असलं काही लिहिताना ‘समीक्षकांच्या मते’ हे दोन शब्द विसरू नका. तोंडी परीक्षेत हेच दोन शब्द वाचवतात.

माझी फजिती झाली ती त्या पांढऱ्या घोड्यावर. मी वही बाजूला ठेवून दीड पान लिहिलं होतं. घोडा म्हणजे वरात, दलित नवरदेव घोड्यावर बसला म्हणून मारहाण होते, म्हणून हा घोडा म्हणजे नाकारलेला मान, वगैरे. लिहिताना डोळ्यांत पाणी आलं होतं. मार्गदर्शक मॅडमनी समासात लाल शाईने विचारलं, ‘घोडा कोणत्या गावचा?’ मग शोधलं. घोड्यावर काळ्या कपड्यांतला, डोकं झाकलेला स्वार आहे, मागून पोलिसांची गाडी येते, आणि ज्या समाजासाठी हे केलंय तो चर्चमध्ये वाढलेला. बायबलच्या शेवटच्या भागात फिकट घोड्यावर बसून मृत्यू येतो. बहुतेक जण त्या दृश्याचा अर्थ तिथूनच लावतात. माझं दीड पान तिसऱ्या रकान्यात गेलं. मॅडम मात्र म्हणाल्या, फाडू नकोस, ‘विदर्भातल्या प्रेक्षकाला काय दिसलं’ असं वेगळं प्रकरण कर. तेच प्रकरण पुढे सगळ्यात जास्त वाचलं गेलं.

बाकीचे व्हिडिओ थोडक्यात. गायिका बियॉन्सेचा ‘फॉर्मेशन’ फेब्रुवारी 2016 चा, दिग्दर्शक मेलिना मात्सुकास. पुराच्या पाण्यात बुडणाऱ्या पोलिसगाडीवर ती आहे. 2005 च्या कॅटरिना वादळात न्यू ऑर्लिन्सच्या काळ्या वस्त्या बुडाल्या आणि सरकारी मदत उशिरा पोचली, ते यामागे आहे. त्यातच टोपीचा हुडी घातलेला एक लहानगा पोलिसांच्या रांगेसमोर नाचतो आणि शेवटी पोलिसच हात वर करतात. 2012 मध्ये फ्लोरिडात हुडी घातलेला सतरा वर्षांचा ट्रेव्हॉन मार्टिन मारला गेला, तेव्हापासून ते साधं कापड राहिलेलं नाही. रॅप गायक केंड्रिक लामारचा ‘ऑलराइट’ 2015 चा, कृष्णधवल. त्यात पोलिस गाडी खांद्यावर घेऊन चालतात आणि आत पोरं मजेत बसलेली. मला ती पालखी वाटली, मैत्रिणीला तिरडी. दोन्ही तिसऱ्या रकान्यात.

सुरुवातीला हे तीनच घ्या. मी अकरा घेतले होते, आठ वगळावे लागले.

आता सरांच्या त्या प्रश्नाचं उत्तर. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनीही तोच विचारला, फक्त शुद्ध भाषेत. मी म्हटलं, जोतीरावांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिलं, तेव्हा ते अमेरिकेत काळ्यांना गुलामीतून सोडवणाऱ्या लोकांना अर्पण केलं. बाबासाहेब 1913 ला न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, आणि 1946 मध्ये त्यांनी तिथल्या काळ्या समाजाचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहून तिथल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. 1972 ला मुंबईत दलित पँथर निघाली, तिचं नावसुद्धा तिथल्या ‘ब्लॅक पँथर’वरून आलं. म्हणजे दारव्ह्याच्या पोरीने काही नवीन केलं नाही, उशीरच केला. परीक्षक हसले. पण लगेच त्यांनी अडवलं, मग जात आणि वंश एकच का? इथे घाईने ‘हो’ म्हणू नका. त्वचेचा रंग दुरून दिसतो. जात आधी आडनाव विचारते, मग वस्ती, मग पाणी कुठलं ते. म्हणून कॅमेऱ्याला जात दाखवायला वेगळ्या वस्तू लागतात. टपरीवरचा खुंटीला टांगलेला वेगळा कप ही तसली वस्तू.

या कामावर पोट भरतं का? सरळ सांगते, नुसत्या याच्यावर नाही. मी नेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा दिली, पत्रकारिता आणि जनसंवाद या विषयात. उणे गुण नाहीत, तेव्हा एकही प्रश्न सोडू नका. तासिका तत्त्वावर शिकवते, मानधन कधी येईल ते विचारू नका. लग्नसराईत अजून एडिटिंग करते आणि त्यातच जास्त सुटतं. वाचनासाठी शोधगंगा या संकेतस्थळावर देशभरातले प्रबंध फुकट आहेत. आधी तिथे पाहा, नाहीतर दुसऱ्याने केलेलं काम नव्याने कराल. इंग्रजी कच्चं असेल तर लाजू नका, माझंही होतं. रोज एक परिच्छेद शब्दकोश घेऊन वाचला तर वर्षभरात हात बसतो. परदेशी नावं मराठीत कशी लिहायची ते मात्र पहिल्याच दिवशी ठरवून टाका. माझ्या पहिल्या कच्च्या खर्ड्यात एकाच दिग्दर्शकाची तीन नावं होती.

आजीला मी तो व्हिडिओ शेवटपर्यंत दाखवला होता. शेवटी अंधाऱ्या बोळातून तो माणूस धावत येतो, डोळे विस्फारलेले, आणि त्याच्या मागे काही जण लागलेले. आजीच्या हातातल्या शेंगा थांबल्या.

“कोन लागलं त्याच्या मांग?”

“दिसत नाही, आजी.”

“थांबव न मंग.”

मी थांबवलं. एक-एक फ्रेम मागे घेतली, पुढे घेतली. त्याचा चेहरा स्पष्ट होता. मागचे सगळे धूसर, नुसते आकार. आजीने मोबाइल हातात घेतला, पदराने काच पुसली आणि परत डोळ्यांजवळ नेला.

प्रबंधातलं शेवटचं चित्र त्याच फ्रेमचं आहे. त्याखाली पहिला रकाना भरलाय, दुसरा आणि तिसरा मी कोरे सोडलेत.